इंग्रजी वाक्यांचे प्रकार नक्की किती शिकवायचे? चार, पाच, की हिंदीसारखे आठ?

सुदामानगरवाली:

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. मुलगी आठवीत आहे, सीबीएसई, इंग्लिश मीडियम. परवा युनिट टेस्टचा इंग्रजीचा पेपर तपासून घरी आला. त्यात काही वाक्यं देऊन प्रत्येकापुढे प्रकार लिहायचा होता. 'मे यू लिव्ह लाँग!' ह्याच्यापुढे पोरीनं एक्सक्लेमेटरी लिहिलं. शेवटी उद्गारचिन्ह दिसलं, लिहून टाकलं. बाईंनी लाल पेननं काट मारली आणि वर 'ऑप्टेटिव्ह', म्हणजे इच्छा सांगणारं, असं लिहून दिलं. गंमत अशी की शाळेनंच घ्यायला लावलेल्या व्याकरणाच्या पुस्तकात ऑप्टेटिव्ह हा शब्दच नाही. मी पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं. तिथे डिक्लेरेटिव्ह (विधान), इंटरॉगेटिव्ह (प्रश्न), इम्परेटिव्ह (आज्ञा-विनंती), एक्सक्लेमेटरी (उद्गार), बस. चार.

दुसरं वाक्य होतं 'कॅन यू ओपन द विंडो?' तिथे तिनं डोकं चालवलं. म्हणाली, मम्मी, ही तर विनंती आहे, आणि विनंती म्हणजे इम्परेटिव्ह, पुस्तकातच लिहिलंय. तिथेही काट. उत्तर इंटरॉगेटिव्ह. म्हणजे एका वाक्यात चिन्ह बघून गेली आणि दुसऱ्यात अर्थ बघून गेली. दोन्हीकडे आपटली.

अन्नपूर्णा रोडला ट्यूशनला जाते, तिथले सर पाच प्रकार शिकवतात. हिंदीच्या पुस्तकात वाक्याचे आठ प्रकार आहेत, ते तिला पाठ आहेत. आणि घरी सासूबाई! त्या म्हणतात, आमच्या वेळी केवल, संयुक्त आणि मिश्र एवढे तीनच असायचे, बाकी सगळे ह्या नव्या शाळांचे चोचले. ह्यांचं म्हणणं, एका मार्कासाठी शाळेत जाऊन भांडू नकोस. मला मार्काचं काही नाही हो. पोरगी विचारते, 'मम्मी, मग मी बघू काय? चिन्ह बघू की अर्थ बघू?' ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. कुणी जाणकार सांगेल का?

भंवरकुआँचा भिडू:

ताई, पाच. डोळे मिटून पाच लिहायला सांगा. असर्टिव्ह (म्हणजे तुमचं डिक्लेरेटिव्ह), इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, ऑप्टेटिव्ह, एक्सक्लेमेटरी. मी एसएससीची, म्हणजे सरकारी नोकरीच्या परीक्षेची, तयारी करतो, आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात हे घोटून घेतात, कारण ह्याच्याशिवाय नॅरेशन येत नाही. डायरेक्टचं इन्डायरेक्ट करायचं तर आधी वाक्य कुठल्या जातीचं आहे ते कळायला पाहिजे. असर्टिव्ह असेल तर 'दॅट'. हो-नाहीचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'वेदर'. इम्परेटिव्ह असेल तर 'टू' लावायचा आणि आधी 'ऑर्डर्ड' किंवा 'रिक्वेस्टेड'. एक्सक्लेमेटरीला 'एक्सक्लेम्ड विथ जॉय' नाहीतर 'विथ सॉरो'. आणि 'मे यू लिव्ह लाँग' असेल तर 'विश्ड' नाहीतर 'प्रेड', पुढे 'मे' चं 'माइट'. आता सांगा, ऑप्टेटिव्हचा डबा वेगळा ठेवला नाही तर पोरगं 'विश्ड' कुठून आणणार? बाईंनी बरोबर काट मारली.

विजयनगर नाइटशिफ्ट:

चार. मी कॉन्व्हेंटची, आणि कॉलेज संपेपर्यंत ऑप्टेटिव्ह हा शब्द कानावर पडला नव्हता. माझं काहीही अडलं नाही. भिया, नॅरेशनसाठी वाक्याची जात बनवायची म्हणजे परीक्षेसाठी व्याकरण झालं, व्याकरणासाठी परीक्षा नाही. पुस्तकात चार असतील तर शाळेनं चारच विचारावेत.

भंवरकुआँचा भिडू:

दीदी, कॉन्व्हेंटवाल्यांना नॅरेशन न शिकता येतं. आम्हा हिंदी मीडियमवाल्यांना डबे लागतात.

रामबागचे काका:

भांडू नका, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. मी इंग्रजी शिकवूनच निवृत्त झालो. अजूनही सकाळी ओट्यावर आजूबाजूची मुलं वह्या घेऊन येतात आणि हा तंटा दर पावसाळ्यात, शाळा सुरू झाल्या की, होतोच.

सुदामानगरच्या ताई, आधी तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तिनं सगळ्यांत नेमका प्रश्न विचारला आहे. चिन्ह नाही, अर्थही नाही. आधी बघायची वाक्याची बांधणी. मी मुलांना वाक्यावर बोट ठेवायला लावतो. पहिलं बोट पहिल्या शब्दावर. दुसरं कर्ता आणि क्रियापद ह्यांच्यावर, की आधी कोण आलंय. चिन्हाकडे सगळ्यांत शेवटी बघायचं, तेही खात्री करायला.

आता हे करून बघा. 'हाउ टॉल यू हॅव ग्रोन!' आणि 'हाउ टॉल आर यू?' पहिला शब्द दोन्हीकडे 'हाउ'. पण पहिल्यात 'यू' आधी आणि 'हॅव' नंतर. दुसऱ्यात 'आर' आधी आणि 'यू' नंतर. क्रम उलटला की प्रश्न, सरळ राहिला की उद्गार. पाहुण्यांनी मुलीला बघून पहिलं वाक्य म्हटलं तर तिनं नुसतं हसायचं, दुसरं म्हटलं तर सेंटीमीटर सांगायचे. 'व्हॉट' चंही तसंच. 'व्हॉट अ क्राउड देअर वॉज इन सराफा!' हा उद्गार. 'व्हॉट डिड यू ईट इन सराफा?' हा प्रश्न. एकच अपवाद मुलांना सांगून ठेवतो. प्रश्नाचा शब्दच कर्ता असेल तर क्रम उलटत नाही. 'हू एट माय पोहा?' इथे 'हू' हाच खाणारा, मग उलटणार काय?

चिन्हावर भरवसा का ठेवायचा नाही, तर 'द कचौरी इज हॉट!' हे वाक्य घ्या. बांधणी शुद्ध विधानाची आहे. जीभ भाजल्यामुळे कुणीतरी शेवटी काठी-टिंब दिलंय, इतकंच. उलट 'व्हॉट अ क्राउड देअर वॉज' ह्याला नुसता पूर्णविराम दिलात तरी ते उद्गारवाचकच राहतं, कारण 'व्हॉट अ' नं सुरू होऊन पुढे क्रम सरळ आहे. प्रश्नचिन्हाचंही तेच. 'यू हॅव ईटन?' असं आवाज चढवून विचारलं तर काम प्रश्नाचं, बांधणी विधानाची. शाळेच्या पेपरात काही ठिकाणी 'द कचौरी इज हॉट!' लाही एक्सक्लेमेटरी धरतात, त्यामुळे तिथे मुलांना अडवून बसत नाही.

आता तुमचं 'मे यू लिव्ह लाँग'. त्याच्या शेजारी 'मे आय कम इन, सर?' हे वाक्य ठेवा. सांगाडा अगदी तोच. 'मे' पुढे, कर्ता मागे, मग क्रियापद. एकाला उत्तर 'येस, कम इन', दुसऱ्याला उत्तर नसतं, नमस्कार करून पुढे जायचं असतं. म्हणजे प्रश्नाचा सांगाडा घेऊन इच्छा व्यक्त केली आहे. आणखी एक बघा, 'गॉड ब्लेस यू'. गॉड एकवचनी, तृतीय पुरुष. आपण मुलांना पढवतो की तिथे एस किंवा ईएस लागतो, 'माय ग्रँडमदर ब्लेसेस मी'. पण इथे 'ब्लेसेस' नाही, नुसतं 'ब्लेस'. कारण देव आशीर्वाद देतो असं सांगायचं नाहीये, देवो असं म्हणायचंय. क्रियापदाचं हे जुनं रूप, सब्जंक्टिव्ह म्हणतात ते, इंग्रजीत इच्छेसाठी आता अशा ठरावीक वाक्यांतच उरलंय. संस्कृत शिकलेल्यांना आशीर्लिङ् आठवेल, तिथे ह्या कामासाठी अख्खा लकार, म्हणजे क्रियापदाच्या रूपांचा वेगळा संच, आहे. इंग्रजीत थोडी शिल्लक आहे. आता इतक्या थोड्या शिलकीसाठी वेगळं खातं उघडायचं की उद्गाराच्या खात्यात टाकायची, ह्यावरच चार-पाचचं भांडण आहे.

आपल्याकडे ज्याच्यावर पिढ्या वाढल्या त्या रेन आणि मार्टिनच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात वाक्याचे चार प्रकार आहेत. त्याच पुस्तकात पुढे नॅरेशन येतं तेव्हा विधानं, प्रश्न, आज्ञा-विनंत्या असे भाग पडतात आणि शेवटी उद्गार व इच्छा एकाच मथळ्याखाली येतात. भंवरकुआँच्या भिडूचा मुद्दा इथे खरा ठरतो, नॅरेशनला इच्छेसाठी 'विश्ड' लागतोच, आणि कोचिंगवाल्यांनी तो अर्धा मथळा उचलून पाचवा प्रकार केला तर त्यात गैर काही नाही. फक्त 'पाच' म्हणणाऱ्याला 'कुठले पाच?' असं विचारायचं. 2002 साली केंब्रिजनं छापलेलं हडलस्टन आणि पुलम ह्यांचं जाडजूड व्याकरण आहे, त्यातही प्रकार पाचच आहेत. पण पाचवा इच्छेचा नाही! त्यांनी प्रश्नाचेच दोन केलेत. एक ज्याची उत्तरं ठरलेली असतात, हो-नाही किंवा चहा-कॉफी. दुसरा मोकळा, 'व्हेअर', 'व्हाय', 'हू' वाला. इच्छेची वाक्यं त्यांनी किरकोळात टाकली आहेत. आता भिडू आणि ते दोघे विद्वान एकत्र बसले तर आकडा जुळेल आणि यादी जुळणार नाही.

ताई, तुम्ही शाळेत जरूर जा. भांडायला नाही, एवढंच विचारायला की परीक्षेला पुस्तकातले चार धरायचे की वर्गात सांगितलेले पाच. चारच्या यादीत तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं, कारण तिथे इच्छा उद्गारातच जमा होते. तिनं कारण चुकीचं धरलं होतं, ते वेगळं.

'कॅन यू ओपन द विंडो?' मध्ये मात्र बाई बरोबर आहेत. काम विनंतीचं, पण बांधणी प्रश्नाची, आणि पेपरात प्रकार विचारला की बांधणी विचारलेली असते. 'ओपन द विंडो, प्लीज' असतं तर इम्परेटिव्ह. क्रियापदाचं मूळ रूप, पुढे कर्ता नाही, 'यू' मनातल्या मनात.

विजयनगर नाइटशिफ्ट:

काका, क्या बात! ह्या 'कॅन यू' वरून आमच्या ऑफिसचा किस्सा. आमचे क्लायंट अमेरिकेतले. एक नवा मुलगा लागला होता, व्याकरणात अगदी पक्का. क्लायंटनं चॅटवर लिहिलं, 'कुड यू शेअर द लॉग्ज?' ह्यानं लिहिलं, 'येस, आय कुड.' आणि पुढचं काम करायला लागला. पाऊण तासानं मॅनेजर धावत आली. मुलाचं म्हणणं, प्रश्न विचारला, उत्तर दिलं! आमच्या इथे उलटही चालतं. 'यू मे वॉन्ट टू चेक द सेकंड शीट' असं क्लायंट लिहितो, वाक्य साधं विधानाचं, आणि अर्थ असा की दुसऱ्या शीटमध्ये तुम्ही घाण करून ठेवली आहे, आत्ता दुरुस्त करा. म्हणून मी म्हणते पोरांना बांधणी शिकवा, पण काम काय आहे तेही सांगा, नाहीतर पेपरात पास आणि नोकरीत नापास.

रामबागचे काका:

अगदी. म्हणून माझ्या मुलांना मी एका वाक्याची दोन उत्तरं लिहायला लावतो, बांधणी कुठली आणि काम कुठलं. पेपरात पहिलं लिहायचं. आणि कडक आवाजात 'आय वॉन्ट यू टू लीव्ह' म्हटलं तर ते आज्ञार्थी का नाही, हे आठवीतलं मूल त्यानंतर न विचारता सांगतं.

सुदामानगरवाली:

काका, तुम्ही तर वर्गच घेतलात, खूप आभार! पोरीला वाचून दाखवलं, 'मे आय कम इन' वर ती एकदम गप्पच झाली, मग वहीत दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून बाण काढत बसली.

शाळेत जाऊन आले. बाई चांगल्या वागल्या. म्हणाल्या, पुस्तकात चार आहेत ते खरं, पण मी वर्गात पाच लिहून दिलेत, वही बघा. वहीत खरंच होते. मार्क वाढवला नाही, पण पुढच्या परीक्षेला पाच धरायचे हे नक्की झालं.

आता पोरीचे पुढचे प्रश्न. एक, हिंदीत आठ कसे? इंग्रजीवाल्यांना उरलेले दिसले नाहीत का? दोन, आजीचे तीन ह्यात कुठे बसतात? आजी समोरच बसल्या आहेत, त्यामुळे जरा सांभाळून लिहा.

रामबागचे काका:

आजींना नमस्कार सांगा, त्यांचे तीन पक्के आहेत. त्यांच्याकडे येतोच, पण आधी हिंदीचे आठ.

इंदूरच्या आपल्या मुलांची ही खरी अडचण आहे. घरात मराठी, वर्गात इंग्रजी आणि शिवाय हिंदी व्याकरण. हिंदीत अर्थावरून आठ होतात. विधानवाचक, निषेधवाचक, आज्ञावाचक, प्रश्नवाचक, विस्मयादिबोधक, इच्छावाचक, संदेहवाचक, संकेतवाचक. विधान, प्रश्न, आज्ञा, विस्मय हे चार इंग्रजीत सरळ बसले. इच्छेचं आपण बोललो. राहिले तीन.

निषेध इंग्रजीत वेगळा प्रकार होत नाही, कारण तो सगळ्यांना लागू शकतो. 'ही डिड नॉट कम' हे विधान, 'डिडन्ट ही कम?' हा प्रश्न, 'डोंट कम' ही आज्ञा. तिन्हींत नकार आहे. प्रत्येक घरात शिरणाऱ्याला स्वतःचं घर कशाला? इंग्रजीवाले म्हणतात, प्रत्येक प्रकाराचे होकारार्थी आणि नकारार्थी असे दोन पोटभाग करा, झालं. संदेहाचं काम 'मे', 'माइट', 'मस्ट' ह्यांच्याकडे दिलंय. 'ही माइट हॅव कम' म्हणजे 'वह आया होगा', पण बांधणी विधानाचीच. आणि संकेत, 'अगर बारिश होगी तो', हे इंग्रजीत 'इफ' नं होतं, आणि 'इफ' आला की आपण दुसऱ्याच मोजमापात जातो. तिथेच आजी भेटतात.

आजींचे तीन हे बांधणीचेच, पण वेगळ्या अर्थानं. वाक्य सांगतंय की विचारतंय हे तिथे बघत नाहीत, वाक्यात किती वाक्यं कोंबली आहेत ते बघतात. केवल म्हणजे सिम्पल, संयुक्त म्हणजे कम्पाउंड, मिश्र म्हणजे कॉम्प्लेक्स. इंग्रजीत कम्पाउंड-कॉम्प्लेक्स हा एक जोड प्रकारही मानतात. प्रत्येक वाक्याला दोन्ही लेबलं एकाच वेळी लागतात. 'टेल मी व्हेअर ही लिव्ज.' चार-पाचच्या यादीत इम्परेटिव्ह, आजींच्या यादीत कॉम्प्लेक्स. त्यामुळे ट्यूशनचे सर आणि आजी ह्यांचं भांडणच नाही, एक कापडाचा रंग सांगतोय आणि दुसरा लांबी.

मुलं इथे एका गोष्टीला फसतात. त्यांना वाटतं, वाक्य लांबलं की कॉम्प्लेक्स. 'आफ्टर द हेवी रेन लास्ट नाइट, द ओल्ड मँगो ट्री निअर अवर गेट फेल ऑन द वॉल.' वहीची दीड ओळ, पण सिम्पल. आणि 'आय नो व्हाय ही लेफ्ट.' पाच शब्द, कॉम्प्लेक्स. शब्द मोजायचे नाहीत, फायनाइट व्हर्ब मोजायची. आता फायनाइट ओळखायची कशी? व्याख्या पाठ करून कुणाला आलेली मी बघितली नाही. मी वाक्यापुढे 'यस्टरडे' ठेवायला सांगतो. ठेवल्यावर जी जी क्रियापदं बदलावी लागतात ती फायनाइट. 'आय वॉन्ट टू ईट गराडू.' (गराडू म्हणजे आपल्याकडे तळून खातात तो कंद.) पुढे 'यस्टरडे' ठेवा. 'यस्टरडे आय वॉन्टेड टू ईट गराडू.' 'वॉन्ट' बदललं, 'टू ईट' हललं नाही. म्हणजे मोजायचं एकच, वाक्य सिम्पल. 'द मॅन सेलिंग गराडू नोज माय फादर.' 'नोज' चं 'न्यू' झालं, 'सेलिंग' तसंच. परत एक. आता 'द मॅन हू सेल्स गराडू नोज माय फादर.' इथे 'सेल्स' चं 'सोल्ड' आणि 'नोज' चं 'न्यू', दोन्ही हलले. दोन फायनाइट, आणि 'हू' नं एकाला दुसऱ्याच्या पोटात घातलं, म्हणून कॉम्प्लेक्स. वाक्य आधीच भूतकाळात असेल तर 'एव्हरी डे' ठेवून उलट बाजूनं करायचं. आंब्याच्या झाडाला मात्र ते सोसणार नाही, तिथे डोळ्यांनीच बघा.

दोन-तीन फायनाइट निघाली की मध्ये कोण आहे ते बघायचं. 'अँड', 'बट', 'ऑर', 'सो' असेल आणि दोन्ही बाजू आपापल्या पायावर उभ्या असतील तर कम्पाउंड. 'इट रेन्ड, बट वी वेन्ट टू राजवाडा.' 'व्हेन', 'इफ', 'बिकॉज', 'दो', 'हू', 'दॅट' असेल आणि एक बाजू एकटी म्हटली तर ऐकणारा 'मग?' म्हणत असेल तर कॉम्प्लेक्स. आणि दोन्ही एकत्र, 'व्हेन द ज्वेलर्स क्लोज, द स्टॉल्स ओपन अँड द क्राउड कम्स', हा जोड प्रकार, सराफ्याच्या रात्रीचा.

एक धोक्याची जागा आहे, ती सांगितल्याशिवाय हे प्रकरण सोडू नका. 'टेल मी व्हेअर ही लिव्ज' ह्याच्याऐवजी आपली मुलं हमखास 'टेल मी व्हेअर डज ही लिव्ह?' लिहितात, वर प्रश्नचिन्ह. मोठी माणसंही बोलतात. मराठीत 'तो कुठे राहतो?' आणि 'तो कुठे राहतो ते सांग' ह्यांत क्रम तोच राहतो, त्यामुळे आपल्या कानाला काही खुपत नाही. इंग्रजीत प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की त्याचा उलटा क्रम परत सरळ होतो. 'डज' जातो, एस परत येतो. आणि पूर्ण वाक्य प्रश्न नसेल तर शेवटी पूर्णविराम. 'डू यू नो व्हेअर ही लिव्ज?' ह्याला प्रश्नचिन्ह येतं, कारण 'डू यू नो' हाच प्रश्न आहे. प्रकार ओळखायला शिकवायचा मला दिसतो तो खरा उपयोग हा. लेबलं लावून काय करायचंय, वाक्य बरोबर लिहिता आलं पाहिजे.

भंवरकुआँचा भिडू:

काका, तुम्ही कोचिंग उघडा, पहिली फी माझी. 'यस्टरडे' वाली ट्रिक आजच रूमवर सगळ्यांना सांगितली.

ताई, पुढच्या चॅप्टरला ट्रान्सफॉर्मेशन येईल, त्याचं थोडं माझ्याकडून. एक्सक्लेमेटरीचं असर्टिव्ह करायचं तर 'व्हॉट अ' किंवा 'हाउ' काढा, 'व्हेरी' घाला. 'हाउ फास्ट ही रन्स!' चं 'ही रन्स व्हेरी फास्ट.' 'व्हॉट अ' च्या मागे नाम असतं, त्याचं 'अ व्हेरी' करून वाक्याच्या शेवटी न्या. 'व्हॉट अ ब्यूटिफुल पॅलेस इट इज!' चं 'इट इज अ व्हेरी ब्यूटिफुल पॅलेस.' इंटरॉगेटिव्हचं असर्टिव्ह फक्त अशा प्रश्नाचं होतं ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे. 'हू डज नॉट नो अहिल्याबाई?' चं 'एव्हरीवन नोज अहिल्याबाई.' प्रश्नात 'नॉट' असेल तर उत्तरात जातो, नसेल तर येतो. 'कॅन अ लेपर्ड चेंज इट्स स्पॉट्स?' चं 'अ लेपर्ड कॅनॉट चेंज इट्स स्पॉट्स.' बस, एवढं घोटा.

काका, मला एक सांगा, 'लेट' चं काय करायचं? 'लेट अस गो' कुणी इम्परेटिव्ह म्हणतं, आणि नॅरेशनमध्ये कधी 'प्रपोज्ड' येतो, कधी 'रिक्वेस्टेड'. पर्यायांत दोन्ही दिलेले असतात आणि मी दरवेळी नाणं उडवतो.

रामबागचे काका:

फी राहू दे, पोहे खायला ये, वर भुरभुरायचं जीरावण घरचं आहे.

'लेट' इम्परेटिव्हच, त्यात शंका नको. पण 'अस' मध्ये ऐकणारा धरलाय की नाही, ते बघ. मित्र मित्राला म्हणतो 'लेट अस गो टू छप्पन' (छप्पन म्हणजे आपली खाऊगल्ली), तेव्हा दोघंही निघालेत. इथे 'लेट अस' चं 'लेट्स' करता येतं. नॅरेशनला 'प्रपोज्ड' किंवा 'सजेस्टेड', पुढे 'दॅट दे शुड गो'. मुलं वॉचमनला म्हणतात 'लेट अस गो, अंकल', तेव्हा वॉचमन कुठेच जात नाहीये, त्यानं फक्त फाटक उघडायचंय. इथे 'लेट्स' होत नाही, करून बघ, अर्थच पालटतो. ही परवानगी मागणं झालं, म्हणून 'रिक्वेस्टेड हिम टू लेट देम गो'. मागे टॅग लावूनही कळतं. पहिल्याला 'शॅल वी?' लागतो, दुसऱ्याला 'विल यू?'. पर्यायांत दोन्ही दिसले की आधीचं नाव वाच, कोण कुणाला म्हणतंय. मित्र असेल, सोबत असेल तर 'प्रपोज्ड'. साहेब, वॉचमन, आई, म्हणजे ज्याच्या हातात अडवणं आहे असं कुणी असेल तर 'रिक्वेस्टेड'. 'लेट हिम वेट' मध्ये तिसरा माणूस आहे, तिथे 'अस' चा घोळच नाही. साहेब शिपायाला म्हणत असेल तर 'ऑर्डर्ड' कर आणि पुढे जा.

आणि ताई, मुलीला 'ही केम अँड सॅट डाउन' हे वाक्य पेपरात आलं तर घाबरू नको म्हणावं. कर्ता एक, फायनाइट दोन, मध्ये 'अँड'. काही पुस्तकं ह्याला कम्पाउंड म्हणतात, काही म्हणतात कर्ता एकच आहे तर सिम्पल. इथे बाईंची वही काय सांगते ते आधीच विचारून ठेवा.

सुदामानगरवाली:

विचारून ठेवते. आजी म्हणतायत, संयुक्तच आहे, विचारायची गरज नाही.